अवरच्या आधी काय?

आमच्या गावात वाकुरे सर समोरून आले की माणसं रामराम घालायची नाहीत, पंजा दाखवायची. उजवा हात वर आणि पाची बोटं ताठ. मोटारसायकलवरून जाणारा गडीसुद्धा हँडल सोडून पंजा दाखवायचा आणि सर मागून ओरडायचे, "अरे हँडल धर, हँडल! मरशील मुडद्या!" निवडणूक लागली की नुसती पंचाईत. एकदा आचारसंहितेत बाहेरगावचा साहेब शाळेत आला, तर आठवीची पोरं ओळीनं पंजे वर करून उभी. हेडमास्तरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी सरांना मतदान होईस्तोवर हात खिशात ठेवायला सांगितलं आणि सरांनी खरंच ठेवले. खडूसुद्धा खिशातूनच काढायचे आणि लिहून झालं की हात परत आत.

पंज्याची भानगड सांगतो. सर मुळात भूगोलाचे. आमचा इंग्रजीचा मास्तर बदली करून लातूरला पळाला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "वाकुरे, तुम्ही रोज इस्त्री करून येता. इंग्रजी तुम्हीच घ्या." झालं, इस्त्रीवर नेमणूक! सरांनी गाईड आणलं, डिक्शनरी आणली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात कोंडून घेतलं. जूनमध्ये बाहेर आले ते ही युक्ती घेऊनच. अंगठा म्हणजे ए, पुढचं बोट ई, मग आय, ओ, आणि करंगळी यू. इंग्रजी शब्दाच्या आधी 'अ' लावायचा का 'ॲन', असं कुणी विचारलं की शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं. ते या पाच बोटांत असलं की 'ॲन', नसलं की 'अ'. ॲपल अंगठ्यावर आहे, म्हणून ॲन ॲपल. बुक कुठल्याच बोटावर नाही, म्हणून अ बुक. पोरांना असं आवडलं की बास. ज्याला स्वतःचं नाव इंग्रजीत धड लिहिता येत नव्हतं, तोसुद्धा पंजा वर करून 'ॲन' म्हणायचा. सरांनी पदरच्या पैशानं रंग आणून शाळेच्या व्हरांड्यात हा थोरला निळा हात काढला आणि पाची बोटांवर पाच अक्षरं लिहिली. बावीस वर्षं पोरं त्या हाताखालून वर्गात गेली.

मी त्या शाळेचा क्लार्क. धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही, उगीच कुणाला झोंबायचं. क्लार्कला शाळेत भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मी सगळ्यांचा भाऊसाहेब. बायकोसुद्धा कधीकधी भाऊसाहेब म्हणते, पण ते टोमणा मारायला. सरांचं आणि माझं जमायचं, कारण दोघांनाही दुपारचा चहा लवकर लागायचा आणि दोघांनाही हेडमास्तर आवडायचे नाहीत.

सर अंगानं किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे, डोळ्याकडं नाही. कुणाचं काही घेतलं तर परत देताना दोन्ही हातांनी द्यायचे, मग ते माझं दहा रुपयांचं पेन का असेना. चुकलं की लगेच "चुकलो" म्हणायचे. मास्तर लोकांत हा गुण सापडत नाही. मी तर सतरा जणांच्या हाताखाली काम केलं, दुसरा बघितला नाही. पण हा गुण म्हातारपणी आला होता. तरुणपणी सर वेगळे होते आणि ते मला फार उशिरा कळलं.

तालुक्याला इंग्रजीच्या मास्तरांचं प्रशिक्षण लागलं होतं. मी हजेरीचे कागद द्यायला गेलो आणि मागं दारात उभा राहिलो. शिकवणारी बाई पोरसवदा, सरांच्या लेकीच्या वयाची, पण बोलायला गोड. तिनं विचारलं, "तास म्हणजे अवर. अवरच्या आधी काय?" सरांचा पंजा सगळ्यांत आधी वर. "अ अवर!" अवरचं पहिलं अक्षर एच, एच काही बोटावर नाही. बाई म्हणाली, "सर, अक्षर विसरा. डोळे मिटा आणि नुसतं म्हणून बघा. अवर. कशानं सुरू झालं?" सरांनी खरंच डोळे मिटले. ओठ हलले. म्हणाले, "अ नं." "मग? एच लिहितो फक्त, बोलत कुठं आहोत? तोंडातून स्वर निघाला की ॲन. ॲन अवर. आणि युनिव्हर्सिटी यू नं लिहितात, पण तोंडातून 'य' निघतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी. बघायचं नसतं सर, ऐकायचं असतं." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाई पुढं शिकवायला लागली तरी सरांचा हात वरच. शेवटी तीच म्हणाली, "सर, हात खाली घ्या ना." जेवणाला वांग्याची भाजी होती, सरांच्या जिवाभावाची. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

मला वाटलं, मास्तर लाजला. दोन दिवसांत विसरंल. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सर पुढं आले आणि अख्ख्या शाळेला म्हणाले, "मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. पंजा विसरा." पोरांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर ऑफिसात तडतडले, "अहो वाकुरे, शाळेची अब्रू काय रस्त्यावर मांडता? तालुक्यातले निम्मे मास्तर असंच शिकवतात!" सर म्हणाले, "ते त्यांचं बघतील." मग सर चुन्याची बादली घेऊन व्हरांड्यात गेले आणि निळ्या हातावर चुना मारायला लागले. चुना वाळला की आतून हात परत दिसायला लागायचा. दुसरा हात मारला, तिसरा मारला. पावसाळ्यात भिंत ओली झाली की पाची बोटं पुन्हा उमटायची. पोरं म्हणायची, सरांचा हात भिंतीत अडकलाय. त्या भिंतीसमोर मी सरांना शाळा सुटल्यावर कितीदा बघितलं असंल. एकटेच उभे असायचे. मला भीती वाटायची, खरं सांगतो.

मग जुन्या पोरांच्या मागं लागले. जिथं सापडेल तिथं. एका लग्नात अक्षता पडल्यावर आहेर द्यायला स्टेजवर गेले. नवरदेव त्यांचाच विद्यार्थी. त्यानं मुंडावळ्या सावरत पंजा दाखवला. सरांनी तो हात खाली दाबला आणि कानाशी लागून म्हणाले, "बाळा, ते चुकीचं होतं. ॲन अवर. ॲन ऑनेस्ट मॅन. अ युनिव्हर्सिटी. ध्यानात ठेव." नवरदेव म्हणाला, "व्हय सर," आणि नवरी बावरून बघायला लागली, म्हणजे सासरची काही वेगळीच रीत आहे का काय! फोटोवाला म्हणाला, "गुरुजी, हसा की." ते काही हसले नाहीत. आणखी एक जण पुण्याला मोठ्या पगारावर होता, दिवाळीला आला की पारावर बसायचा. तो म्हणाला, "सर, एवढं काय मनाला लावून घेता? आता मोबाईल आपोआप दुरुस्त करतो." सर म्हणाले, "वाक्य दुरुस्त करतो रे."

रिटायर झाल्यावर तर जास्तच. एक चमत्कारिक खोड लागली. बोलता बोलता इंग्रजी शब्द आला की थांबायचे. आता आपल्या बोलण्यात इंग्रजी शब्द काय थोडे असतात? "भाऊसाहेब, जरा ती..." आणि गप्प. ओठ हलायचे, आवाज नाही. मग "...फाईल द्या." एस.टी.त "एक..." ओठ हलायचे, "...तिकीट." कंडक्टर वैतागायचा. लोक म्हणायचे, मास्तरच्या अंगावरून वारं गेलं, जीभ जड झाली. मी शेजारी बसून ऐकलेलं आहे. ते आधी मनात लावून बघायचे, अ का ॲन. अ फाईल. अ टिकेट. प्रत्येक शब्दाला, दिवसभर. काकू, म्हणजे त्यांच्या मालकीण, मला एकदा म्हणाल्या, "भाऊसाहेब, झोपेत पण ओठ हलतात हो यांचे. कुणाशी तरी बोलतात." काकूंचे डोळे भरले होते. मी काय सांगणार, कपाळ!

एकदा दुपारी ऑफिसात आले आणि म्हणाले, "जुनं जनरल रजिस्टर काढा." मी म्हणालो, "सर, आता सगळ्या गावाला शिकवून झालं. आता काय मढ्यांना शिकवायचं राहिलंय का?" माझी जीभ अशीच आहे. सर चिडले नाहीत. म्हणाले, "सुभद्रा बिरू देवकते. आठवीत होती." कपाटातून रजिस्टर काढलं, धूळ झटकली, नाव सापडलं. शाळा सोडल्याचं कारण, या रकान्यात लिहिलेलं होतं, सतत गैरहजर. अक्षर माझं. असल्या पोरींच्या पुढं मी डोळे झाकून हेच लिहायचो. विचारायला कोण जातंय?

सर त्या ओळीवर बोट ठेवून बसले आणि तेव्हा पहिल्यांदा बोलले. "ही एकटी होती, भाऊसाहेब. इतक्या वर्षांत एकटी पोरगी, जी उभी राहिली आणि म्हणाली, सर, चुकतंय तुमचं. मेंढरावाल्याची पोर. बाप मेंढरामागं हिंडताना गळ्यात रेडिओ अडकवायचा. ती त्यावर इंग्रजी बातम्या ऐकायची. कळायचं काही नाही, आवाज आवडायचा म्हणे. मी फळ्यावर अ अवर लिहिलं. ही म्हणाली, सर, रेडिव्यावर ॲन अवर म्हणत्यात. मी म्हणालो, मग तुझ्या बापाला बसव या खुर्चीवर, मी जातो मेंढरं राखायला. वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तरला चढते, भाऊसाहेब. मी म्हणालो, ये पुढं, ते कान धर. कान खोटं ऐकतात तुझे, धर ते. पन्नास उठाबशा काढायला लावल्या. वर्गाला मोजायला लावलं. रडली नाही. पन्नास झाल्यावर मी विचारलं, आता सांग, अवरच्या आधी काय? ती म्हणाली, अ. मी म्हणालो, मोठ्यानं. म्हणाली, अ अवर, सर. जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही."

चहा आला होता. सरांनी घेतला नाही. म्हणाले, "ती अ म्हणाली ना, तो आवाज जात नाही. सगळे आवाज कमी झाले आता, टीव्हीचा येत नाही, घरात ही हाका मारते तो येत नाही. हा येतो."

आता कळलं मला, ही सगळी पळापळ कुणाला गाठायला होती ते. मग मीही सोबत लागलो, काहीतरी आपल्याही अक्षराचं देणं होतं. येडशीला स्टेशनच्या पलीकडं मेंढरांचा तळ पडतो. तिथं एका म्हाताऱ्यानं ओळख पटवली. "बिरूची सुबी व्हय? बिरू गेला की. पोरगी नळदुर्गाकडं दिली. मालक टरक चालवायचा, आता हायवेला ढाबा हाय त्येंचा." फोन नंबरही दिला. मी म्हणालो, "सर, लावा फोन, मोकळे व्हा." सर म्हणाले, "कान धरायला लावताना फोनवरून लावले होते का?"

निघालो. धाराशिवला गाडी बदलली, तुळजापूरला पुन्हा बदलली. सरांनी नवा शर्ट घातलेला, वरचं बटण लावलेलं. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "भाऊसाहेब, आधी काय म्हणू?" मी म्हणायचो, "आधी नमस्कार म्हणा." लहान पोरासारखे घाबरलेले. आणि खरं सांगू, खूशही होते. तोंडावर तजेला आलेला. ओझं उतरवायला निघालेला माणूस होता तो.

ढाबा साधाच. पत्र्याचं शेड, पुढं ट्रकांची रांग, चार बाजा. गल्ल्यापाशी म्हाळाप्पा, तिचा नवरा, कांदे चिरत बसलेला. उजवा पाय मांडीपासून नव्हता, कुबडी भिंतीला टेकवलेली. आत चुलीपुढं सुभद्रा भाकरी थापत होती. पदर खोचलेला, अंगानं भरलेली, कानशिलावर केस पिकायला लागलेले. तिनं मान वर केली आणि लगेच ओळखलं. "अगं बया! सर, तुमी?" आणि पिठानं भरलेला हात वर केला. पंजा दाखवला.

सरांनी डोळे मिटले. मग नमस्कार वगैरे काही नाही, उभ्याउभ्या सुटलेच. "सुभद्रा, तू बरोबर होतीस. ॲन अवरच बरोबर आहे. रेडिओ बरोबर होता, तू बरोबर होतीस, मी चुकलो. तुला शिक्षा केली. तुझे कान खरे होते बाई. मला माफ कर."

तिला आठवत नसंल, असं मला वाटलं होतं. तिला सगळं आठवत होतं. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात धुतले. "बसा तरी सर. उनातून आलाव." म्हाळाप्पा हसायला लागला. "बगा गुरुजी! म्या रोज सांगतो, ही लई हुशार हाय. पर स्वतःला मानतच न्हाय. कायबी इचारा, एकच, मला काय कळतंय. पोरगीच्या शाळेत गेली तरी मास्तर म्हणतील त्येच खरं म्हणून येती." तेवढ्यात बाहेरून ड्रायव्हरनं हाक मारली आणि तो कुबडी घेऊन उठला.

सुभद्रानं चहा आणून ठेवला. म्हणाली, "सर, शाळा सुटली ती तुमच्यामुळं न्हाय. मेंढरं खाली कर्नाटकाकडं निघाली हुती. जावंच लागलं." सरांनी असा श्वास सोडला म्हणता! मला वाटलं, सुटलो बुवा. आता चहा प्यायचा आणि चारची गाडी धरायची.

ती तिथंच उभी राहिली. दाराकडं बघितलं, म्हाळाप्पा लांब होता. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, एक इचारू? मग त्या दिवशीबी म्या बरोबर हुते का?"

"कुठल्या दिवशी?" सर तिच्या ओठांकडं बघत म्हणाले.

"ह्येंचा पाय गेला त्या दिवशी. सकाळी गाडी काढली. म्या दारात हुते. मागल्या डाव्या चाकातनं आवाज येत हुता. लई न्हाय, बारीक. दळताना जात्यात खडा आल्यावानी. त्ये रोजचा आवाज न्हवता. म्या दोन पावलं पुढं झाले, सांगावं म्हणून. मग म्हणलं, मला काय कळतंय. मला ऐकू येतं त्ये खरं नसतंय. माघारी फिरले." तिनं पदरानं हात पुसले. कोरडेच होते हात. "घाटात चाक निखळलं. डावंच. आजवर म्या म्हणत हुते, मला उगं भास झाला असंल. मनाची समजूत घालून ऱ्हायले त्याच्यावर. आन् आता तुमी येऊन म्हणताय, तुजा कान खरा हुता."

मी मधे पडलो. म्हणालो, "अगं बाई, शाळेचं आणि चाकाचं काय, कुठलं कुठं जोडतीस." ती म्हणाली, "व्हय भाऊसाहेब, काय संबंध." आणि लगेच, "ह्येंना म्या कधी सांगितलं न्हाय. सांगू नका." मग चुलीपुढं जाऊन बसली. आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. म्हाळाप्पानं सरांच्या ताटात बळंबळं दुसरी भाकरी वाढली, आणि सर ती खाली मान घालून खात राहिले. टाकायची कशी? तो पाय नसलेला माणूस समोर बसून आग्रह करत होता.

परतीची गाडी धरली. तुळजापूरला स्टँडवर उतरताना सरांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि तिच्या डोक्यावर ठेवून आलो. तिच्याकडं तेवढा एक भास होता. तोही मी काढून घेतला." मला रडू आलं. स्टँडवर गर्दी होती, मी नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

त्यानंतर ती खोड गेली. फाईल, तिकीट, बस, सगळं धडाधड म्हणायला लागले. ओठ हलायचे बंद झाले. काकूंना बरं वाटलं, माणूस सुधारला म्हणून. मला वाटलं नाही. कुणी पंजा दाखवला तर आता अडवायचे नाहीत, समजवायचे नाहीत, नुसते बघायचे. आणि आठवड्यातून दोन-तीनदा सकाळच्या गाडीनं कुठंतरी जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. काकू विचारायच्या, तर म्हणायचे, "काम आहे." एवढ्या वयात कसलं काम? मला ठाऊक होतं, गाडी कुठली ते. विचारायचं धाडस झालं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला गप्प बसवणारी गोष्ट होती ती.

सर गेले ते त्याच वर्षी. झोपेतच गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं बघितलं, तेही गाडीच्या खिडकीतून. साडूच्या घरी उमरग्याला निघालो होतो. नळदुर्गाच्या पुढं आमच्या ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पुढं कुठं वाहनं तुंबलेली. बाहेर बघतो तर समोरच, बोललेलं ऐकू येईल एवढ्यावर, तो ढाबा. आणि एका ट्रकच्या बाजूनं सर चालतायत. ट्रक निघायच्या बेतात, इंजिन चालू. सर वाकून चाकाशी कान नेत, एक हात ड्रायव्हरकडं करून म्हणत होते, "दोन हात पुढं घ्या. आता मागं. परत पुढं." ड्रायव्हर ओळखीचा असावा. हसत होता आणि घेत होता.

मी हाक मारली, "सर!" त्यांना ऐकू गेली नाही. कानानं तर ते तेव्हा जवळजवळ अधूच झाले होते. चाकातलं त्यांना काय ऐकू येणार, डोंबल! मला वाटलं, भ्रमिष्ट झाला माणूस. एवढ्यात ते शेडकडं वळले आणि म्हणाले, "सुभद्रा, ये."

ती हात पुसत बाहेर आली. रोजचंच असावं, कारण कुणी वळून बघितलं नाही. सर बाजूला सरले. "तू सांग."

"मला काय कळतंय, सर."

सरांनी ड्रायव्हरला पुन्हा हात केला. ट्रक पुन्हा दोन हात पुढं आला, मागं गेला. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, उशीर होतोय गं." सुभद्रानं मान तिरकी केली. एकदा सरांकडं बघितलं, एकदा गल्ल्यावरच्या नवऱ्याकडं. मग ट्रकच्या फळीवर हात ठेवला.

"थांबवा," ती म्हणाली. तोंडातल्या तोंडात म्हणाली, मला ओठांवरून कळलं, बाकी कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं म्हणाली, "थांबवा दादा गाडी. पुढल्या उजव्या चाकात आवाज हाय."

ड्रायव्हर म्हणाला, "काय न्हाय अक्का, कालच तेलपाणी केलंय."

"आवाज हाय," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं म्हाळाप्पाकडं बघितलं. म्हाळाप्पा कुबडीवर उठला आणि म्हणाला, "उतर की गड्या. ती म्हणती ना, मग बघ."

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर जॅक घेऊन खाली उतरला. आमची गाडी हलली, म्हणून चाकात काय निघालं ते मला कळलं नाही. मी मान वळवून दिसेल तोवर बघत राहिलो. ड्रायव्हर गाडीखाली शिरत होता, सुभद्रा फळीवरचा हात न काढता उभी होती, आणि तिच्या मागं एक पाऊल सोडून सर हात बांधून उभे होते.